सावळीरामची रोजची मेल

इंटरनेटवर धंदा शिकवतो म्हणणारे क्लास नाशकात जागोजागी निघाले होते, तेव्हाची गोष्ट. दोन हजार सात-आठ साल असेल. गणेशवाडीत हार विकणारा गोरक्ष अशाच एका क्लासला बसला. बापाच्या वेळची बाजारातली जागा सोडायची आणि घरबसल्या कमवायचं, हे त्यानं डोक्यात पक्कं घेतलं.

बायको मनीषा म्हणाली, "जागा गेली की परत मिळायची नाय."

"तू फुलं ओव. तुला काय कळतंय त्यातलं?"

त्याला जोर होता तो सावळीरामचा. क्लासचा जुना विद्यार्थी, मखमलाबादचा फुलवाला. सायबर कॅफेत बसलं की रोज त्याची मेल आलेली, खाली हसरा फोटो. 'गोरक्ष भाऊ, मीही फुलंच विकायचो. आज सकाळी हौस म्हणून शेवंतीला पाणी घातलं. आता मी मोकळा आहे. जुनं सोडा, भिऊ नका.'

उद्या जागा दुसऱ्याच्या हवाली करायची होती. म्हटलं, त्याआधी या माणसाला एकदा भेटून यावं. भर दुपारी गोरक्ष मखमलाबादला गेला. मळ्यात पान हलत नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. ओट्यावर एक बाई झेंडू निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "मेल आली ना? बसा. पाणी देते."

गोरक्षच्या अंगावर काटा आला. "सावळीराम हायेत का?"

"आत हायेत."

आत भिंतीवर फोटो. फोटोला हार. मेलमधलंच हसणं.

"पण मला आज सकाळीच..."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. ती साळूबाई, सावळीरामची बायको. "काविळीनं गेले, गेल्या आखाडात. मेल काय थांबत नाय. शेवंतीला पाणी घातलं म्हणतात ना? मागं जाऊन बघा शेवंती."

मागं नुसत्या वाळक्या काड्या.

"मग लिहितं कोण, वहिनी?"

"त्यांनीच लिहिलेलं. क्लासच्या पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, तुम्ही जिंकलात असं समजून पत्रं लिहा, सराव म्हणून. नवीन माणूस आला की क्लासचा कॉम्प्युटर त्याचं नाव घालून रोज एक धाडतो. तुमच्याकडून घेतली का लिहून?"

गोरक्षनंही लिहिली होती. फोटोही दिला होता, हसरा.

"म्हणजे शिकवणंच खोटं?"

"समदं नाय. मेल करायची, फोटो टाकायचा, हे यांना खरंच आलं. त्यावर लग्नाच्या हारांची ऑर्डरबी आलेली. पण सर म्हणाले, फुलांत काय ठेवलंय, हा क्लासच दुसऱ्यांना विका. यांनी मळ्यात पाय ठेवणं सोडलं. मग हातात विकायला राहिलं काय? भाऊ, तुमचे सर क्लास सोडून दुसरं काय विकतात, इचारलंत कधी?"

गोरक्षनं कधीच विचारलं नव्हतं.

जागा त्यानं दिली नाही. मनीषानं सुईदोरा पुढे केला. क्लासला जाऊन तो म्हणाला, माझी पत्रं काढा. सर म्हणाले, काढतो की.

दसऱ्याच्या तोंडावर एक पोरगी त्याच्यापुढं येऊन थबकली. सातपूरच्या कारखान्यात कामाला होती. त्याच्याकडे बघतच राहिली.

"गोरक्ष भाऊच ना? तुम्ही तर हार विकणं सोडलं होतं! सकाळीच तुमची मेल आली. मी उद्या नोकरी सोडतेय, म्हटलं..."

गोरक्षचा हात दोऱ्यावरच थांबला. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"बसा ताई," तो म्हणाला. "पाणी देतो."

मंडळी, नवी विद्या शिका, जरूर शिका. पण आधी आपला माल हातात असू द्या, आणि शिकवणाऱ्याला विचारा, बाबा, तू स्वतः काय विकतोस? जे घडलंच नाही ते घडलं म्हणून लिहून देऊ नका. आपण थांबलो तरी ते आपल्या तोंडानं बोलत राहतं.