नमुन्याची किटली

मित्रांनो, मी एक जुनी निळी किटली आहे, पण माझ्यात आजवर कुणी घोटभरही चहा केलेला नाही. कारखान्यात पत्रा ठोकून, त्यावर निळा मुलामा चढवून मला भट्टीत भाजले. बाहेर काढताना नळीपाशी टवका उडाला आणि स्वयंपाकघराची दारे मला बंद झाली. चित्रकलेच्या एका सरांना मात्र तोच टवका आवडला. कलाशिक्षक तयार करणाऱ्या आपल्या महाविद्यालयात ते मला घेऊन गेले.

तिथे माझे भाग्य उजळले. उंच स्टुलावर, पांढऱ्या कापडावर, खिडकीशेजारी माझी जागा. उद्या शाळाशाळांतून चित्रकला शिकवणारी मुलेमुली माझ्याभोवती बसत आणि एक डोळा मिटून पेन्सिलीने मला मापत. नळीचा बाक चुकला की सर कपाळाला हात लावत. "अरे, ही किटली आहे की बदक?" सगळा वर्ग हसे, मीही मनात हसे. ज्याला मी जमले, तो पास. एवढा मोठा अभ्यासक्रम माझ्याभोवती फिरतो, या गर्वाने मी फुगून गेले होते.

त्या वर्गातली एक मुलगी मला इतकी हुबेहूब काढी, की मैत्रिणी तिला 'झेरॉक्स' म्हणत. शेवटच्या वर्षी तिला सराव पाठासाठी एका शाळेत, तिसरीच्या वर्गावर पाठवले. खऱ्या मुलांसमोर उभे राहण्याची तिची ती पहिलीच वेळ. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून तिने मला बसमधून नेले.

मला टेबलावर ठेवून ती म्हणाली, "नीट बघा आणि काढा." पुढे काय बोलायचे, ते तिला ठाऊकच नव्हते. मुले मात्र कामाला लागली. कुणी मला पाय काढले, कुणी चाके. पुढच्या बाकावरच्या एका दातपडक्या मुलीने मला कोपऱ्यात बटणाएवढे काढले आणि उरलेला सगळा कागद एका भल्यामोठ्या आकाराने भरून टाकला. पाठ तपासायला आलेले आमचे सर मागेच बसले होते. झेरॉक्सला घाम फुटला.

"अगं, हे काय? किटली कुठंय?" असे म्हणत तिने खोडरबर घेतले, कागद पुसला आणि चार रेषांत मला झकास उतरवले. "हं, अशी असते किटली."

मुलगी बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, ती माझी आई होती."

"एवढी मोठी?"

"ती कामावरून आली की घर भरून जातं."

कागदावरचा रबराचा भुगा मुलीने फुंकून टाकला, पेन्सिल पेटीत ठेवली आणि झाकण लावले.

"हात फार सफाईदार आहे हो तुझा," सर बाहेर पडताना म्हणाले. सर्वांत जास्त गुण झेरॉक्सलाच मिळाले. तिचे कान लाल झाले होते. आणि मी? कुणाच्या तरी आईच्या जागेवर मी ऐटीत बसले होते. भट्टीतही मला इतके भाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली. "सर, ते गुण मला नकोत. तुम्ही मला किटली काढायला शिकवलंत. किटली काढणाऱ्या मुलाशी बोलायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही. मी त्या मुलीची आई पुसून टाकली."

"मी मागे बसून बघत होतो गं. मलाही काही खटकलं नाही," एवढेच म्हणून सरांनी मान खाली घातली.

मग बैठका झाल्या, वाद झाले. "मुलांत बसून वेळ घालवला, तर यांचे हात कधी तयार होणार?" म्हणून काहींनी नाक मुरडले. सर हट्टाला पेटले. आता पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला विद्यार्थी शाळेत जातात, मुलांशेजारी बसतात, ऐकतात आणि परत येऊन त्यावर बोलतात. स्टुलावरचा माझा मान कमी झाला. झाला ते बरेच झाले.

झेरॉक्स नवा कागद घेऊन त्या मुलीकडे गेली, तेव्हा मीही पिशवीत होते. "माझं चुकलं. आई पुन्हा काढशील?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. "तुम्हीच काढा ना, बाई. तुमचं छान येतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच आम्हा दोघींना तोंड लपवावेसे वाटले.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या चित्रकला शिकवाल. मुलाच्या चित्राला हात लावण्याआधी त्याच्याशेजारी बसा, "हे कोण आहे?" असे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. कागद दुसरा मिळतो. पुसलेली आई मात्र परत येईलच असे नाही.