चोपन्नावा दिवस

जयमालाने बाळाला टबातून उचलून पंच्यात गुंडाळलं, तेवढ्यात देवश्री मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. शिशुगृहाच्या अधीक्षिका आंघोळीच्या वेळी सहसा इकडे फिरकत नसत.

"मावशी, मनवाची आई आलीय."

जयमालाने पंच्यातल्या मनवाची मान पुसली, कानामागे पुसलं, मग पुन्हा मान पुसली.

"कितवा दिवस आज?" तिला ठाऊक होतं, तरी तिने विचारलं.

"चोपन्नावा."

मूल सोपवून गेलेल्या आईला साठ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात तिचं मन फिरलं, तर मूल तिचं. नगरच्या या शिशुगृहात बावीस वर्षं बाळं सांभाळताना जयमालाने ती मुदत कितीदा तरी नुसतीच सरताना पाहिली होती. परत येणाऱ्या आया बोटांवर मोजण्याइतक्या.

मनवा आली तेव्हा चौदाशे ग्रॅमची होती. डॉक्टर म्हणाले, हिला अंगाची ऊब पाहिजे. जयमालाने तिला ब्लाऊजच्या आत उराशी बांधलं आणि तीन आठवडे ती तशीच उठली, बसली, बसल्या बसल्या झोपली. भिंगारच्या घरी तिची वाट पाहणारं कोणी नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि मूल देवाने दिलं नव्हतं. त्यावरून देवाशी असलेलं भांडण तिने फार पूर्वीच मिटवलं होतं. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिली की ती म्हणायची, "माझी इच्छा मी प्रभूच्या चरणी ठेवलीय. आता माझं म्हणून काही मागणं नाही." ते खरंही होतं. मनवा येईपर्यंत.

मुदत सरली तरी बाळ दत्तक जायला आणखी सहा-सात महिने लागतात. तेवढे महिने तिला हवे होते. बाळाचं पालथं पडणं, रांगणं, जमलं तर पहिला दात. मग खुशाल कोणीही नेवो. पण हात जोडले की तोंडातून निघायचं ते वेगळंच: प्रभू, ती बाई येऊ नये.

ती बाई म्हणजे विशीतली सविता, पारनेरकडच्या एका खेड्यातली. लग्नाचं वचन देणारा मुलगा, तिला दिवस राहिल्याचं कळताच परागंदा झाला होता. भेटीच्या खोलीत ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, शेजारी तिची आई गीताबाई. मूल परत द्यायला बालकल्याण समितीची मंजुरी मिळाली होती. आता फक्त ताब्याच्या कागदावर सही राहिली होती.

"हिच्या बापाला म्हनलं, नात घरात येईल, न्हाईतर मी बी चालले," गीताबाई आपण होऊन सांगू लागली. "दोन दिस जेवला न्हाई. मंग म्हनला, जा, घिऊन या."

देवश्री मॅडम कागद आणायला गेल्या. जयमालाने बाळ सविताच्या हातात दिलं.

मनवा आधी गप्प राहिली, मग ओठ काढले आणि टाहो फोडला. सविताने थोपटलं, हलवलं, बाटली लावली. बाळ अंग ताठ करून मान फिरवू लागलं. पंधरा मिनिटं झाली. सविताच्या कपाळावर घाम आला. न राहवून जयमालाने बाळ घेतलं. खांद्याला लागताच मनवा शांत झाली.

सविता बघत राहिली.

"बघा ना मावशी. मला वळखत बी न्हाई ती. तुमालाच आई मानती." तिचा आवाज फाटला. "मी कोनत्या तोंडानं नेऊ? ऱ्हाऊ द्या हिला हितंच. मॅडमला सांगते मी."

गीताबाईने पदर तोंडाला लावला.

जयमालाला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. चोपन्न दिवस मागितलेलं आयतं दारात येऊन उभं होतं. तिच्या गळ्याशी बाळाचा ओला श्वास लागत होता, एवढीशी मूठ ब्लाऊजच्या काठात अडकली होती. बाहेर पॅसेजमध्ये मॅडमच्या चपला वाजल्या.

जयमालाने ती मूठ सोडवली. एकेक बोट करून.

"नीट बस. मागं टेक," ती सविताला म्हणाली. "डावीकडं घे तिला. असं. तुझ्या छातीचा ठोका लागू दे तिच्या कानाला. बाटलीची घाई नको. आणि कितीही रडली तरी खाली ठेवू नको. कितीही."

"आन् तुमी?"

"कपडे वाळत घातलेत. बघून येते."

मागच्या व्हरांड्यातली दोरी रिकामी होती. कपडे तिने सकाळीच काढून घड्या केल्या होत्या. आतून रडणं सुरू झालं. भुकेचं, पोटदुखीचं, झोपेचं रडणं तिला वेगवेगळं कळायचं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. दोनदा तिचे पाय दाराकडे वळले. दुसऱ्यांदा तिने दोरी धरली.

लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना ती पुटपुटू लागली. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी आली आणि जीभ अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. पुन्हा तिथेच अडली. आतला आवाज घोगरा झाला, तुटला, पुन्हा उसळला. मग दोन हुंदके.

ती पुढच्या टाहोची वाट पाहत राहिली. तो आला नाही.

बऱ्याच वेळाने देवश्री मॅडम दबक्या पावलांनी बाहेर आल्या.

"झोपली तिच्याजवळ. सही झालीय, निघतायत त्या. चला ना मावशी, एकदा जवळ घ्या."

जयमालाने मान हलवली. तिच्या तळहातात दोरीचा लाल वळ उमटला होता.

"नको," ती अगदी हळू म्हणाली. "माझा आवाज ओळखते ती. उठेल."