गवताच्या पेंढीतली माझी लेकरं

मी एक म्हातारी कोंगची मासळी आहे, मित्रांनो. म्हातारी म्हणजे दोन वर्षांची! हसू नका, आमच्यात या वयाला आजीबाई म्हणतात. अंगानं मी पट्टीसारखी बारीक, पाठ निळी, पोट चंदेरी. आम्ही लाखोंनी समुद्र फिरतो आणि मोठ्या बोटी दिव्यांनी भुलवून आम्हाला जाळ्यात ओढतात. माझा कळप असाच गेला. मी सगळ्यांत बारीक, म्हणून जाळ्याच्या भोकातून निसटले.

यंदा वसंतात माझं पोट अंड्यांनी टच्च भरलं. आमची अंडी तरंगत्या गवताला चिकटवावी लागतात, नाहीतर ती तळाला जाऊन मरतात. मी आणि माझ्या नव्या सोबतिणी गवत शोधून दमलो. शेवटी उल्लुंग बेटाजवळ मानबोक आजोबा नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या तराफ्याखाली बांधलेल्या समुद्रगवताच्या पेंढ्या दिसल्या.

पेंढ्यांत बोटं पसरून हात बुडवायचे, आम्ही आलो की अलगद धरायचं, ही त्या बेटाची जुनी रीत. पण पंधरा दिवस आजोबांना एकही मासा मिळाला नव्हता. शेजारच्या बोटीतून जाळंवाला दोकसू ओरडला, "आबा, कशाला पाणी ढवळताय? तराफ्याचं सरपण करा!"

"आजही टोपली रिकामी राहिली, तर उद्या करूच," तराफ्यावर बसलेल्या त्यांच्या पत्नी ओकबुन आजी म्हणाल्या.

तराफा गेला की गवत गेलं, अंडी कुठे घालू?

"चला गं!" म्हणत मी आत घुसले. आजोबांची बोटं गवतासारखीच निश्चल होती. आम्ही भराभरा अंडी चिकटवली. काही जणी टोपलीत गेल्या, खोटं कशाला बोलू? पण अंडी घालून गेल्या. टोपली भरत चालली, तसं दोकसूला राहवेना. त्यानं तराफ्यावर उडी मारली, हात बुडवले आणि खसकन मुठी आवळल्या. हाती आली चार पानं!

"अगं बाई, दोकसूला भाजी मिळाली!" आजी खदखदून हसल्या.

तेवढ्यात आजोबांनी मला धरलं. वाटलं, संपलं सगळं. त्यांनी अंगठ्यानं माझं पोट चाचपलं.

"रिकामी झालीय. बाळंतीण आहे, जाऊ दे," ते म्हणाले आणि बोटं उघडली.

"आबा, मला शिकवाल?" दोकसूनं हळूच विचारलं.

"आधी मूठ उघडायला शीक," आजी म्हणाल्या.

तराफा वाचला. पेंढ्या पाण्यातच राहिल्या आणि पंधरवड्यात त्यांतून माझी लेकरं सुळकन बाहेर पडली. हजारो! जिंकले बरं मी!

मित्रांनो, भूक असेल तेवढे मासे खुशाल न्या. आमचा पाळणा मात्र पाण्यातच राहू द्या.