भुताची जोडी

लाल फितीची गाठ सोडली तेव्हा दिसलं, की फीत बाहेरून विटून तपकिरी झाली होती, पण गाठीच्या आत दडलेला बोटभर भाग अजून मूळचा लाल होता.

आमच्या बार्न डान्सला, म्हणजे कोठारातल्या वार्षिक नाचाला, पुरुष कमी पडतात. मग काही बायका दंडाला फीत बांधून पुरुषांच्या रांगेत उभ्या राहतात. फिती वाटायचं काम माझं. पूर्वी दोन-तीन पुरायच्या. आता पेटीत एकही उरत नाही.

"दे इकडे," डिलिस म्हणाली. "चाळीस वर्षं नवरा सांभाळला. एक संध्याकाळ नवरा होऊन बघते. काही करावं लागत नाही म्हणतात."

"कण्हावं लागतं," तिचा नवरा सायडरचा पेला न ठेवताच म्हणाला. "ते आधी शिकून घे."

कोठार लायनेल बेडोजचं. दरवर्षी तो गवताचे भारे भिंतीकडे सरकवतो, जमीन झाडतो आणि लांब टेबलं मांडतो. नाच चर्चच्या छपरासाठी. ते पश्चिमेकडून गळतं आणि दर हिवाळ्यात पाणी एकेक बाक पुढे सरकतं. चर्च समितीतले निम्मे म्हणत होते, दुरुस्त करू. निम्मे म्हणत होते, आठ जणांच्या प्रार्थनेसाठी हे किती दिवस ओढायचं, बंद करू या. मत द्यायची मी एकटी राहिले होते. ते मी आधी कापणीनंतर देणार होते, मग नाताळानंतर, मग या नाचानंतर.

व्हायोलिन सुरू झालं. नाच पुकारणारा ऑल्विन गफ बाकावर चढला आणि त्यानं रांगांवरून नजर फिरवली.

"शेवटच्या चौकात चारऐवजी तीनच जोड्या आहेत. असू दे. तिथे भुताची जोडी धरा. हात पुढे करायचा, वळायचं, आणि त्यांच्या पायांवर पाय द्यायचा नाही."

लोक हसले. त्या चौकात लायनेल होता. बाकीचे रिकाम्या जागेपाशी आले की गडबडत, एकमेकांवर आदळत, किंवा जागा विसरून सरळ पुढे जात. लायनेल एकदाही चुकला नाही. तो हवेत हात धरायचा, वळायचा, सोडायचा. दुसऱ्या फेरीत मला दिसलं, की डिलिसचा हात तो खांद्याच्या उंचीवर धरतो आणि रिकाम्या जागेतला त्याहून वीतभर खाली. त्याची बायको नेस्टा ठेंगणी होती. मागल्या वसंतात आम्ही तिला चर्चच्या आवारात, यू वृक्षाखाली पुरलं.

नाच संपल्यावर तो माझ्या शेजारच्या भाऱ्यावर येऊन बसला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"दम लागला?"

"लागणारच. नाचताना बोलत होतो ना."

मी त्याला पाण्याचा पेला दिला.

"मार्चमध्ये शिडी लावतो," तो म्हणाला. "कौलं मीच बसवीन. कारागीर बोलावला तर आजचे सगळे पैसे त्याच्या चहापाण्यातच जातील."

"अठ्ठ्याहत्तर वय आहे तुझं, लायनेल."

"शिडीला कुठे माहीत आहे?"

"आणि पडलास म्हणजे?"

"फार लांब न्यावं लागणार नाही." तो हसला, मग थांबला. "अगं हेस्टर, चर्चला कुलूप लागलं तर तिच्यावरचं गवत कोण कापणार? तेवढं सांग मला."

समोर डिलिस दंडावरची फीत सोडत होती आणि खरोखरच कण्हत होती. आज प्रत्येक जण दोघांच्या जागा भरत होता. वर्षभरही तेच चालतं. जी घंटा वाजवते तीच फुलं लावते, तीच बाकांखालचं पाणी पुसते. मी दोन वर्षांपूर्वी बोलले असते तर सगळे मिळून पलीकडच्या गावच्या चर्चला गेलो असतो. तेव्हा एकत्र जाण्याइतके जण होतो. नेस्टाही आली असती. ती आमच्याआधी गाडीत जाऊन बसली असती.

शेवटच्या नाचाच्या, वॉल्ट्झच्या, आधी पुढच्या वर्षीचा शनिवार जाहीर करायचा, ही आमची पद्धत. ऑल्विननं माइक माझ्याकडे धरला.

"चला हेस्टरबाई, तारीख सांगा. म्हणजे मला मरायचं कधी ते ठरवता येईल."

मी उठले. लायनेल माझ्याकडे मान वर करून बघत होता. त्याच्या सदऱ्याला गवताची काडी चिकटली होती.

"गवत मी कापीन," मी त्याला हळूच म्हणाले. "जमेल तोवर मीच."

त्याला कळलं होतं. मी माइक घेतला.

"पुढच्या वर्षीची तारीख नाही," मी म्हणाले. "माझं मत चर्च बंद करावं असं आहे."