पंधरा एचपीचा रविवार

अश्विनीला सासरी येऊन तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत एक गोष्ट तिला सतत खुपत आली होती. सासऱ्यांची पिठाची गिरणी दिवसातून जेमतेम तीन तास चालायची. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. बाकीचा वेळ मुकुंदराव गिरणीच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत, येईल त्याचा डबा ठेवून घेत आणि "उद्या या" म्हणत. चिक्कडपल्लीच्या ऐन बाजारात रस्त्याला लागून जागा, ज्वारीच्या पिठाला मागणी इतकी की विचारू नका, आणि गृहस्थ पेपर वाचतोय. कोथरूडात वाढून या परमुलखात आलेल्या मुलीला हे बघवणं शक्यच नव्हतं.

शिवाय तिचं कामच तसलं. माधापूरच्या एका कंपनीत बसून ती परदेशातल्या कचेऱ्यांचा वीजवापर मोजायची. कुणी वर्षाला किती वीज खाल्ली, त्यापायी हवेत किती धूर गेला, तो कमी कसा करावा, हे ती डेन्मार्कच्या माणसाला इथून समजावून सांगायची. घरीसुद्धा रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा तिला खपत नसे. पृथ्वीची काळजी ती मनापासून करायची, त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त ही पृथ्वी तिला स्क्रीनवर फार स्पष्ट दिसायची, आणि गिरणीच्या मागच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते तितकंसं दिसत नसे. तिथं यादम्मा नावाच्या बाई राहतात आणि त्यांचे मालक रामुलु, निवृत्त बस कंडक्टर, आजारी असतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

तर झालं असं, की ज्वारीला एकाएकी मान आला. मुकुंदरावांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जी भाकरी मुकाट्यानं खाल्ली जायची, तिला आता कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये मिलेट म्हणत होते. तशी दहा-बारा कॅन्टीनं चालवणाऱ्या वैशालीबाई अश्विनीच्या ओळखीच्या. त्यांनी आठवड्याला तीनशे किलो पीठ मागितलं. अश्विनीचे डोळे चमकले. जुनी मोटर पाच एचपीची. तिनं पंधरा एचपीचं नवीन यंत्र ठरवलं, जूनमध्ये गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं, आणि पिशवीवर काय छापायचं तेही ठरवलं: उन्हावर दळलेलं पीठ. धंदाही वाढेल आणि मनालाही टोचणी नाही. तिच्या आयुष्यात इतकी बिनचूक योजना तिला आधी कधी सुचली नव्हती.

नवरा संदेश आबिड्सच्या बँकेत. त्यानं योजना ऐकली आणि वडिलांकडे बघितलं. वडिलांनी संदेशकडे बघितलं. सासूबाई असत्या तर त्यांनी तोंड उघडलं असतं, पण त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटी मुकुंदराव म्हणाले, "बघू." आता मुकुंदरावांचं "बघू" म्हणजे "नको, पण तुझं मन मोडवत नाही" हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. अश्विनीनं ते "हो" म्हणून घेतलं आणि यंत्र मागवून टाकलं.

एप्रिलच्या एका शनिवारी यंत्र येऊन बसलं. रविवारी संध्याकाळी सगळ्यांच्या देखत चालवून बघायचं होतं, सोमवारी सकाळी वैशालीबाईंना नमुना द्यायचा होता. रविवारी दहा वाजता मुकुंदराव म्हणाले, काचीगुडा स्टेशनवर जाऊन येतो, गाडीनं एकजण येणार आहे. संदेश आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला गेला, जसा तो दर रविवारी जायचा. घरात अश्विनी एकटी, आणि खाली ते कोरं करकरीत यंत्र. अकरा वाजेपर्यंत तिनं दम धरला. मग तिला वाटलं, संध्याकाळी काही बिघडलं तर दुरुस्तीला वेळ कुठं राहील? आत्ताच एकदा फिरवून बघावं.

तिनं ज्वारीचं पोतं सोडलं, वरच्या डब्यात थोडी ओतली आणि खटका दाबला. यंत्रानं एक आचका दिला, गिरणीतला बल्ब मंद झाला, मग चाक असं काही घुमलं की पायाखालची फरशी थरथरली. पांढरंशुभ्र, मऊसूत पीठ पिशवीत पडायला लागलं. अश्विनीला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

तेवढ्यात मागच्या भिंतीवरून यादम्माचं तोंड वर आलं. यंत्राच्या घरघराटात एकच शब्द अश्विनीपर्यंत पोचला. चालु. यादम्मा हात उंचावून पुन्हा ओरडली, चालु अम्मा, चालु. अश्विनीला वाटलं, बघा, शेजारणीलासुद्धा कौतुक आहे, सुरू ठेव म्हणतेय. तिनं हसून अंगठा दाखवला आणि आणखी पाच किलो ज्वारी ओतली. यादम्माचा आवाज आणखी चढला. चालु, चालु. अश्विनीनं डब्याची झडप पूर्ण उघडली. बल्ब आता नुसता लाल तारेसारखा दिसत होता, पण तिचं लक्ष पिठाकडे होतं.

यादम्मा भिंतीवरून दिसेनाशी झाली आणि मिनिटाभरात गल्लीतून वळसा घालून अनवाणी धावत गिरणीत शिरली. तिनं अश्विनीचं मनगट धरलं, खटक्यापर्यंत ओढत नेलं आणि तिच्याच हातानं खटका बंद केला. यंत्र थांबलं. त्या शांततेत भिंतीपलीकडून एक बारीक, न थांबणारा टिटिट आवाज ऐकू आला.

यादम्माच्या मागोमाग ती धावली. आतल्या खोलीत रामुलु पलंगाच्या कडेवर दोन्ही तळवे टेकून पुढं वाकून बसले होते. नाकाला प्लास्टिकची नळी, नळीचं दुसरं टोक कोपऱ्यातल्या यंत्राला. हवेतला प्राणवायू ओढून देणारं ते यंत्र लाल दिवा लावून टिटिट करत होतं. विजेचा दाब इतका खाली गेला होता की ते बंदच पडलं होतं. रामुलुंचे खांदे वरखाली होत होते, ओठ काळपट पडले होते. यादम्मानं पलंगाखालून लहान सिलिंडर ओढला, पण घाईत तिला चावी बसेना. अश्विनीनं सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला, तेव्हा कुठं चावी फिरली. फुस्स असा आवाज आला. यादम्मानं नळी बदलली.

पुढची चार-पाच मिनिटं अश्विनीनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. आपण एका माणसाला मारलं, हा एकच विचार. मग कोपऱ्यातलं यंत्र आपणहून घरघरलं, टिटिट थांबलं आणि दिवा हिरवा झाला. रामुलुंच्या ओठांवर हळूहळू रंग आला. त्यांनी मान वर केली, अश्विनीच्या पिठानं माखलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दम घेत घेत विचारलं, "आटा बारीक आया क्या, बेटी?"

अश्विनीला रडू फुटलं. ती तिथंच फरशीवर बसली आणि लहान मुलासारखी रडली. माणूस जिवंत आहे, बोलतोय, वर पिठाची चौकशी करतोय. तिचा जीव भांड्यात पडला तो असा. यादम्मानं तिला पाणी दिलं आणि मग कपाळाला हात लावून म्हणाली, "मैं चालु चालु बोल रही, तुम और डाल रहे."

तेव्हा उलगडा झाला. मराठीत चालू म्हणजे सुरू. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, बस झालं. यादम्मा पुरे पुरे म्हणून गळा फोडत होती आणि अश्विनी तिच्या सांगण्यावरून ज्वारी ओतत होती. इतक्या भेदरलेल्या अवस्थेतही रामुलुंना हसू आलं, आणि हसल्यामुळे खोकला आला, आणि यादम्मा दोघांवरही डाफरली.

फोन केल्यावर मुकुंदराव रिक्षानं वीस मिनिटांत आले. चेहरा पांढराफटक. ते गिरणीत न शिरता थेट रामुलुंकडे गेले, पलंगाशी बसले आणि त्यांच्या पायावर हात ठेवला. मग अश्विनीला घेऊन घरी आले. ती माफी मागायला लागली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

चार वर्षांपासून रामुलु त्या यंत्रावर होते. उन्हाळ्यात गल्लीतले सगळे एसी लागले की लाइन खाली बसते, त्यात गिरणीची मोटर सुरू झाली की आणखी बसते. म्हणून मुकुंदराव यादम्माला विचारून गिरणी लावत आणि तिनं भिंतीवरून "चालु" म्हटलं की अर्धं दळण टाकून बंद करत. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली, तीही त्यांनी जाऊ दिली. ते तीन तास म्हणजे रामुलुंना सोसतील तेवढे तास होते. अश्विनीनं आपल्या योजनेच्या तक्त्यात त्याच तीन तासांपुढं लाल अक्षरात लिहिलं होतं, पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त क्षमता वाया.

"मला कुणीच कसं सांगितलं नाही, बाबा?" तिनं विचारलं. त्यात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

मुकुंदराव खाली बघत राहिले. मला वाटलं संदेश सांगेल, ते म्हणाले, आणि त्याला वाटलं असेल मी सांगीन. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

"आज गाडीनं कुणी येणार नव्हतं, अश्विनी. मी काचीगुड्याच्या प्लॅटफॉर्मवर नुसता बसलो होतो. रात्र होईस्तोवर बसलो की आजचं टळंल, असं वाटलं. तू एवढी हौसेनं करायलीस, तुला नक्को म्हणायला तोंडच उघडंना माझं. चूक तुझी नाही. तुला शब्द कळला नाही, अन्‌ माझ्यापाशी शब्द असून मी बोललो नाही. रामुलुला काही झालं असतं तर ते माझ्या न बोलण्यानं झालं असतं."

सत्तरीचा माणूस सुनेपुढं असं बोलतो तेव्हा सुनेनं काय करावं, हे अश्विनीला कुणी शिकवलं नव्हतं. ती उठली, तिनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "इथून पुढं मला तोंडावर नको म्हणायचं, बाबा. मी रुसेन, दोन दिवस बोलणार नाही, पण म्हणायचं." मुकुंदरावांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिला दिसलं, आणि खरं सांगायचं तर तिच्याही खांद्यांवरचं उतरलं. त्या यंत्राच्या मागं लागल्यापासून महिनाभर तिला नीट झोप नव्हती, हे तिला आत्ता कळत होतं. संध्याकाळी संदेश पुस्तकांची पिशवी घेऊन आला, तेव्हा बापलेकांपैकी कुणाचं जास्त चुकलं यावर त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

सोमवारी तिनं वैशालीबाईंना फोन केला. तीनशे जमणार नाही, साठ किलो देईन, तेही हप्त्याहप्त्यानं, असं सांगितलं. कारण विचारल्यावर जे घडलं ते सगळं सांगितलं, अगदी "चालु"सकट. मग वैशालीबाई म्हणाल्या की साठ तर साठ, उरलेलं त्या दुसरीकडून बघतील. आपल्यावाचून जगाचं अडणार आहे अशी अश्विनीची समजूत होती, ती इतक्या सहजी गेल्याचं तिला किंचित वाईटही वाटलं. पंधरा एचपीचं यंत्र परत गेलं. सोलर मात्र येणार होतं, आणि त्याची पहिली तार भिंतीवरून पलीकडे, रामुलुंच्या खोलीत जायची होती. हे तिनं यादम्माला आधी विचारलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता साठ किलोंपैकी पहिलं दळण लागलं. खटक्यापाशी मुकुंदराव, जुनं पाच एचपीचं यंत्र. अश्विनी गिरणीत थांबली नाही. ती रामुलुंच्या खोलीत जाऊन त्यांच्या यंत्राशेजारी फरशीवर बसली, नजर त्या हिरव्या दिव्यावर. दिवा जरा जरी लुकलुकला तर ती खिडकीतून ओरडणार होती, आणि कुठला शब्द ओरडायचा ते तिनं यादम्माकडून दोनदा घोकून घेतलं होतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. दिवा हिरवाच होता. मागं पलंगावर काही हालचाल होईना म्हणून तिनं घाबरून वळून बघितलं, तर रामुलु डोळे मिटून पडले होते आणि छाती संथ वरखाली होत होती.

यादम्मा दारातून हळूच आत आली आणि बघतच राहिली. गिरणी सुरू असताना ते कधी झोपत नाहीत, ती कुजबुजली, चार वर्षं झाली, ती घरघर सुरू झाली की उठून बसतात आणि यंत्राकडे बघत राहतात.

पाऊण तासानं दळण संपलं. अश्विनीची ऑफिसची बस केव्हाच निघून गेली होती, फोन तीनदा थरथरला होता. ती उठली नाही. आपण उठलो तर त्यांना जाग येईल, म्हणून ती तशीच बसून राहिली.