रूपलीबाईने सोडलेली धार

रूपलीबाईला कायदा कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. तिला एक कायदा पक्का ठाऊक होता, आणि घात केला तो त्यानेच.

मोहाची दारू सापडली म्हणून पोलीस घरी आले. दारू होती रूपलीबाईची, पण तिची लेक काजल पुढे झाली आणि "माझी आहे" म्हणाली. आईचे गुडघे गेलेले, तिला कुठे फरपटत नेऊ द्यायचं? त्या रात्री पोलीस ठाण्याच्या कोठडीत जमादारानेच तिच्यावर जबरदस्ती केली. कुंपणानेच शेत खाल्लं, दाद मागायची कुणाकडे? काजलने तरी मागितली. सुटल्याबरोबर नंदुरबार गाठलं, तक्रार दिली, दवाखान्यात तपासणी करून घेतली. जमादार निलंबित झाला, खटला उभा राहिला.

मग एक दिवस तोच जमादार साध्या कपड्यांत डोंगर चढून आला. गावकारभारी इंद्रसिंगने पंच बसवले. काजल तेव्हा मजुरीला गुजरातेत होती, पण तिच्यासाठी कोण थांबतंय! जमादाराने मान खाली घालून सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या हातून पाप झालं." रूपलीबाईला रडू फुटलं. पंचांपुढची कबुली म्हणजे दगडावरची रेघ, आता हा कोर्टात तरी कसा फिरणार, असं त्या भाबडीला वाटलं. तिने देवाच्या नावाने मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली. झगडा तुटला, म्हणजे कायमचा मिटला. तुटलेला झगडा जो पुन्हा तोंडावर आणील त्याच्या घरचा पाळणा रिकामा राहील, अशी आण पडली. घरात सून पोटुशी होती. काजल परतली तेव्हा आईने तिला हे सगळं सांगितलं. काजल ऐकून घेऊन पाण्याला निघून गेली.

सरकारी वकील चेतना सारंगखेड्याकडची. साक्षीच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात रूपलीबाईजवळ टेकली.

"मावशी, तो जमादार म्हनस, पोर राजीखुशीनं तयार व्हती. पन कोठडीमधली राजीखुशी कायदा मानत नई. तपासनीना कागद शे. काजलनी फक्त सांगाले पाह्यजे, मन्ही मरजी नव्हती. मंग कोर्टले तिन्हावरच इस्वास ठेवना पडस."

"त्याने पंचांत कबूल केलंय की," रूपलीबाई म्हणाली. "इंद्रसिंगला विचारा."

इंद्रसिंग पलीकडेच उभा होता. "धार पडली, बाई," तो म्हणाला. "आता ते तोंडावर येत नाही. कुणाच्याच."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचं पाप मातीत गेलं, तशी त्याची कबुलीही गेली होती. त्याला तेवढंच हवं होतं, मेल्याला!

आत दार लावून साक्ष सुरू झाली. आईला तेवढं बसू दिलं. जमादार ताठ मानेने बसला होता. न्यायाधीशबाईंनी हळू आवाजात विचारलं, "त्या रात्री तुझी मर्जी होती का?"

काजलने आईकडे पाहिलं. बोल पोरी, बोल, असं रूपलीबाईला ओरडावंसं वाटत होतं. नुसती मान हलवली असती तरी पोरीने ओळखलं असतं. पण सुनेचं पोट डोळ्यांपुढे आलं आणि मान काही हलली नाही. तिला नावं ठेवणं सोपं आहे. एका लेकराला वाचवायला दुसरं द्यायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"मला काही सांगायचं नाही," काजल म्हणाली.

चेतनाने पुन्हा विचारलं, उलटसुलट विचारलं. काजलने दर वेळी तेच उत्तर दिलं. जमादाराने रुमालाने तोंड पुसलं.

स्टँडवर गावाकडे जाणारी खापरची बस लागलेली होती. रूपलीबाईने लेकीचा दंड धरला. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी."

काजलने आईचा हात हळूच सोडवला.

"कोठडीत मला कुणी विचारलं नाही, आई," ती म्हणाली. "तू तरी विचारायचंस."