दुहेरी शिलाई

आमच्या कारखान्यात ताडपत्र्या, सामानाच्या थैल्या आणि ट्रकचे पट्टे शिवतात. कारखाना म्हणजे घराखालची एक लांबट खोली, थोडी मशिनं, कापायचं टेबल आणि मी. माझ्या हातची शिलाई उसवली म्हणून आजवर कोणी दारात आलेलं नाही. आलं असतं तर त्यालाच उभं शिवलं असतं.

तर माझी नात, भिंगरी, डोंगर चढायला परदेशी निघाली. पायवाटेनं चढतील त्या आजकालच्या पोरी कसल्या! उभ्या कड्यावर लोखंडी तार ठोकलेली असते. कमरेच्या पट्ट्याचे दोन आकडे त्या तारेत अडकवायचे आणि पालीसारखं वर सरकायचं. असलं करायला म्हणे रजा टाकायची, विमानात बसायचं. सोबत तिच्या ऑफिसातली मैत्रीण, ससुली. ही आमच्या कटिंगवालीची मुलगी. जिना उतरतानाही कठडा सोडत नाही, म्हणून मीच तिला ससुली म्हणते.

"तू कशाला मरायला जातेस गं?" मी तिला विचारलं.

"भीती मोडायला, आजी," ती म्हणाली आणि दोन पायऱ्या उतरून परत कठड्याला चिकटली.

विम्याचं टुमणं सुनेनं लावलं. एक टकला विमेवाला घरी बोलावला. तो खाली कारखान्यातच स्टुलावर टेकला.

"साध्या प्रवासविम्यात बॅग हरवली, ताप आला, एवढंच बसतं," तो म्हणाला. "कडे चढणं, समुद्रात बुड्या मारणं, याला वेगळी जोड घ्यावी लागते. कड्यावरून माणूस उतरवायला हेलिकॉप्टर आणलं, तर त्याचं बिल फेडताना घर जातं."

"तुमच्या तोंडून चांगलं काही निघतं का हो कधी?"

"चांगलं घडलं तर मला कोण बोलावतंय, आजी?"

सून खुदकन हसली. मला कोणी उलटून बोललं की तिचा दिवस सोन्याचा होतो. तिनं भिंगरीचा विमा त्या वेगळ्या जोडीसकट उतरवला.

कटिंगवालीनं हातातली कात्री थांबवली. "बाई, मी पण उतरवू का पोरीचा?"

"पडायच्या आधीच पडण्याचे पैसे भरायचे? काही नको," मी म्हटलं. "त्यापेक्षा तिला चांगले बूट घे."

तिनं बूट घेतले. या खोलीत माझा शब्द कोणी मोडत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भिंगरी खोलीभर सामान पसरून केस धुवायला गेली. मी तिचा तो आकड्यांचा पट्टा उचलून बघितला. आकड्यांच्या आणि कमरेच्या मध्ये एक लहानशी कापडी पिशवी होती. चेन उघडली तर आत पट्टी घडीवर घडी घालून शिवलेली. शिलाई बघून माझं डोकंच फिरलं. दोरा असा बारीक, की त्यानं कोणी माझ्याकडे उशीचा अभ्रा शिवला असता तर त्याला मशिनवरून उठवला असता. जीव टांगायच्या जागी असली हलगर्जी!

मी तडक खाली आले. जाड सुई चढवली, ट्रकच्या पट्ट्याचा नायलॉन दोरा ओवला आणि त्या घडीवर उभी, आडवी, तिरकी अशी दुहेरी शिलाई मारली. मशीन कण्हायला लागलं, पण मी सोडलं नाही. भिंगरीला दाखवलं तर तिनं ओल्या केसांनीच मला मिठी मारली.

पोरी गेल्या. सुखरूप पोचल्याचा फोन आला. ज्या दिवशी त्या कडा चढणार होत्या, नेमका त्याच दिवशी विमेवाला आपल्या बॅगेची चेन बदलून घ्यायला आला. आयतं गिऱ्हाईक सापडलं, मी का सोडते!

"तुमचा विमा वाया गेला बरं का," मी म्हटलं. "पोरीचा पट्टा मी स्वतः पक्का करून दिलाय." आणि काय केलं, कुठं केलं, सगळं रंगवून सांगितलं.

त्याचं हसू हळूहळू मावळलं. "पिशवीतली घडी? ती शिवलीत?"

"मग तशीच सोडू?"

"आजी, ती शिलाई उसवण्यासाठीच घातलेली असते." त्यानं टेबलावरची एक पट्टी उचलली, घडी घातली आणि हळूहळू ओढून दाखवली. "माणूस पडला की एकेक टाका तुटत जातो, घडी उलगडत जाते आणि पडणं सावकाश थांबतं. घडी उलगडली नाही तर सगळा हिसका एकदम बसतो. एक तर पट्टा तुटतो, नाहीतर पाठीचा कणा." मग खाली बघत म्हणाला, "सामानात असा बदल केला असेल तर विमाही—"

"विमा घाला चुलीत!" चहा घेऊन खाली आलेली सून ओरडली. तिनं फोन लावायलाही घेतला होता.

लागेना. परत लागेना. मग लागला. तिनं स्पीकर चालू करून फोन कापायच्या टेबलावर ठेवला. आधी नुसता वारा ऐकू आला.

"आजी! तारेवर लटकून बोलतेय तुझ्याशी! काय दिसतंय माहितेय—"

"गप्प बस. हलू नकोस. वाटाड्या कुठाय?"

"हा काय, माझ्या पायाखाली."

"त्याच्या दोराला बांधून घे स्वतःला. आधी बांध, मग बोल. मी तो पट्टा शिवायला नको होता. माझी शिलाई चुकली."

खोलीतली मशिनं थांबली. असं वाक्य इथं कोणी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

"पण आजी," भिंगरी म्हणाली, "तो पट्टा माझ्याकडे नाहीये."

माझ्या जिवात जीव आला. सुनेनं तर डोळे मिटून घेतले.

"ससुली सकाळी पायथ्याशीच रडायला लागली. जमणार नाही म्हणाली. म्हटलं, माझा पट्टा घाल, आजीनं शिवलाय. तेव्हा कुठं उठली. तिचा मी घातलाय."

कटिंगवाली टेबलाशीच उभी होती. कात्री कापडात अर्धी शिरलेली. ती फोनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"कुठाय ती?" मी विचारलं.

"पुढं गेली, वळणापलीकडे. अगं, तू बघायला हवं होतंस तिला! एकदम धीट झालीये. थांब म्हटलं तरी थांबत नाही, हात सोडून वाकून बघतेय खाली."

"हाक मार तिला. जोरात मार."

भिंगरीनं हाक मारली. नुसता वारा. परत मारली. मग वाटाड्याचाही आवाज आला, परक्या भाषेत, घाईचा.

कटिंगवालीनं कात्री कापडातून अलगद काढली आणि खाली ठेवली. पदराला हात पुसले. विमेवाल्याकडे वळली.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "आता उतरवता येईल का हो विमा?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. टेबलावरच्या फोनमधून भिंगरी हाका मारतच होती.